बंद शिवण : खान्देशातील गोधडी-मांडणीच्या प्रकल्प नोंदी

१० मार्च २०२५, जळगाव

प्रकल्पाचे स्वरूप आज प्रथमच कागदावर उतरवले. गिरणाकाठच्या एका गावातील बायकांसोबत गोधड्या शिवायच्या आणि त्या गोधड्यांचे एक मांडणशिल्प उभे करायचे, एवढे पक्के आहे. गावाचे किंवा बायकांचे नाव कुठेही येणार नाही, ही अट त्यांनीच घातली आहे आणि ती या नोंदींनाही लागू राहील. विषय जुनाच आहे : बाईला बोलू न देणारी व्यवस्था, आणि त्या व्यवस्थेत राहूनही बाईच्या मनात जे चालू राहिले ते. यातल्या पहिल्या भागाची कागदपत्रे हवी तेवढी मिळतात. दुसऱ्या भागाची मिळत नाहीत, आणि मिळालीच तर ती बहुधा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली असतात.

आपल्या मुलखातून वाहणारी तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते. त्या सुरतेत १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला, तिला फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती शिक्षा सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये आपला निबंध छापला. ताराबाईंचा संताप आज शब्दन् शब्द वाचता येतो. विजयालक्ष्मीला त्या दिवसांत काय वाटत होते, हे मात्र आपल्याला कुणीही सांगू शकत नाही. आमचे काम या दुसऱ्या बाईविषयी आहे, आणि तिच्या तोंडी आपण रचलेले शब्द न घालता ते कसे करायचे, हा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न आहे.

२२ मार्च, अजिंठा

सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीपुढे बराच वेळ उभे राहून पाहिले. नवरा नंद भिक्षू झाल्याची वार्ता कळल्यावर कोसळणारी सुंदरी तिथे चितारलेली आहे. नंदाचा मुकुट हातात घेऊन आलेला माणूस एका बाजूला आहे, भोवती दासी आहेत, आणि मधे ती मान टाकून बसलेली आहे. हे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवले, म्हणजे चित्र पाचव्या शतकातले. मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि कोरड्या पृष्ठभागावर भरलेला रंग, अशा कच्च्या वाटणाऱ्या साधनांनी केलेले हे काम दीड हजार वर्षे टिकले आहे. बराच भाग गेला, पण मानेचा तो बाक शाबूत आहे.

मला पुन्हा पुन्हा विचारात टाकते ती जागा. हा विहार आहे. घर सोडून आलेले पुरुष इथे राहत होते, आणि आपल्या राहत्या भिंतीवर त्यांनी, किंवा त्यांच्यासाठी कुणी चित्रकाराने, मागे राहिलेल्या एका बाईचे दुःख काढून ठेवले. कथेचा हेतू नंदाचा उद्धार सांगण्याचा असला तरी चित्रकाराचा हात सुंदरीपाशी थांबलेला आहे, हे पाहणाऱ्याला कळते. तिचे ओठ मिटलेले आहेत आणि डोळे खाली आहेत. चित्रकाराने तिच्याकडून काही वदवून घेतले नाही. खांदे, बोटे आणि सावरायला पुढे आलेल्या दासींचे हात यांवरच त्याने सगळे सोपवले. आमच्या कामाला याहून मोठा धडा मिळणे अवघड आहे.

२३ मार्च, भुसावळ

परतीच्या वाटेवर अजिंठा गावात पारोची कबर पाहिली. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या रॉबर्ट गिलने आपल्या या प्रेयसीसाठी ती बांधवली. दगडावर इंग्रजीत त्याचे प्रेम आणि २३ मे १८५६ ही तारीख आहे. गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. त्याने केलेल्या बहुतेक मोठ्या प्रतिकृती १८६६ च्या लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिलची पत्रे, त्याने काढलेले फोटो, त्याची लष्करी नोकरी यांवरून त्याच्याविषयी पुष्कळ काही सांगता येते. पारोविषयी आहे तो हा दगड आणि त्याच्याभोवती नंतरच्या लोकांनी रचलेली प्रेमकहाणी. त्या कहाणीत ती सुंदर आहे, समर्पित आहे आणि गप्प आहे. आणखी एक पारो रचायची नाही, असे प्रकल्पाच्या वहीत आज ठळक लिहून ठेवले.

८ एप्रिल

ध्वनीचे काम पाहणारी सहकारी आज जळगावला आली होती. जात्यावरच्या ओव्या मांडणीत ऐकवाव्यात का, यावर लांबलचक चर्चा झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. बायकांच्या मनातले काहीच शिल्लक नाही, असे म्हणणाऱ्याला एवढा एक आकडा पुरेसा आहे. पहाटे घर झोपलेले असताना, जात्याच्या घरघरीत, सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, न भेटणाऱ्या आईबद्दल आणि उशिरा येणाऱ्या भावाबद्दल बाई बोलून घेत असे. ओवी परंपरेने आलेली असल्यामुळे तिची जबाबदारी एकटीवर येत नसे. ज्या गावात आम्ही काम करतो तिथल्या एका वृद्ध बाईंनी हे नेमकेपणाने सांगितले : “गानं सगळास्नं ऱ्हास, म्हनीसन त्यामा काहीबी म्हनता येस.”

पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे खांदे आणि तळहात सुटले, आणि ते सुटायलाच हवे होते. त्या गिरणीबरोबर पहाटेची ती एकांताची घटकाही गेली, हे तितकेच खरे आहे, आणि तिच्या जागी दुसरी कोणती आली याचा शोध कुणी फारसा घेतलेला दिसत नाही. ओव्या स्पीकरवर ऐकवायच्या नाहीत, असे ठरले. गाणे आयते मिळाले की पाहणारा त्यातच रमतो, आणि न बोललेले जे आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

लेकी माहेरी आल्या आहेत. कडुनिंबाला झोके बांधले आहेत, घराघरांत घागर पुजली गेली आहे, सांजोऱ्या तळून झाल्या आहेत आणि दुपारी सगळ्या वयांच्या बायका एका ओट्यावर जमलेल्या आहेत, असा योग वर्षात पुन्हा येत नाही. सासरी डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई आज उभी राहून झोका घेत होती आणि वरच्या फांदीला पाय लावून दाखवत होती.

गोधडीचा विषय काढला तेव्हा पहिली प्रतिक्रिया हसण्याची होती. फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या शहरात नेऊन काय दाखवणार, असा त्यांचा प्रश्न होता. मी अजिंठ्याच्या चित्राचा फोटो दाखवला आणि गोष्ट सांगितली. एका वहिनींनी विचारले की तिला मुले होती का. दुसरीने विचारले की मग ती माहेरी गेली की तिथेच राहिली. त्यानंतरचा बराच वेळ सुंदरीने काय करायला हवे होते यावरच बोलणे चालले, आणि त्या बोलण्यात प्रत्येक जण स्वतःबद्दल बोलत होती हे सगळ्यांनाच ठाऊक होते. मी रेकॉर्डर पिशवीतून बाहेर काढला नाही. जिजी, म्हणजे गावातल्या सर्वांत जुन्या शिवणाऱ्या, शेवटी म्हणाल्या की शिवून देऊ, पण दिवसाचा रोज शेतातल्या मजुरीएवढा मिळाला पाहिजे. ते योग्यच आहे आणि अंदाजपत्रकात त्याची तरतूद पहिल्या ओळीत केली.

१४ मे

गोधडी कशी होते ते आज सुरुवातीपासून पाहिले. सारवलेल्या अंगणात आधी खालचे लुगडे ताणून अंथरतात आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतात. त्यावर जुन्या कपड्यांचे थर येतात : बंडी, परकर, पोराचे झबले, फाटलेले धोतर. अंगाला लागणार नाहीत आणि बाहेरून दिसणार नाहीत असे सगळे या मधल्या थरांत जाते. वर पुन्हा एक बऱ्यापैकी लुगडे येते, मग कडेने धावदोरा सुरू होतो आणि फेऱ्या घेत घेत मध्याकडे सरकतो. दोन बायका समोरासमोर बसून शिवतात. दोघींच्या टाक्यांची लांबी सारखी नसते, आणि नीट पाहिले तर कुठून कुठपर्यंत कुणाचा हात आहे ते ओळखता येते.

थर पसरताना जिजींनी एक जुनी चोळी हातात घेतली, तिची बाही सरळ केली आणि काही न बोलता ती अगदी मधोमध ठेवून वर धोतराचा तुकडा टाकला. शेजारच्या बाईने पाहिले आणि नजर वळवली. संध्याकाळी मी त्यांना विचारले की प्रत्येकीने आपल्या गोधडीच्या आतल्या थरात, जे कधी सांगितले नाही त्याची खूण म्हणून, काहीतरी ठेवून शिवून टाकले तर चालेल का. त्यावर जे उत्तर आले त्यावरून कळले की मी नवे काही सुचवत नव्हते. गोधड्यांत असे आधीपासूनच होत आले आहे. एवढेच ठरले की धातू, खाण्याची वस्तू किंवा कुजणारे काही ठेवायचे नाही. कागद चालेल का, असे एकीने हळूच विचारले. चालेल, असे सांगितले. आतले थर रचताना मी आणि छायाचित्रकार सहकारी अंगणाबाहेर जाणार, आणि वरचे लुगडे अंथरून कडा शिवून झाल्यावरच आत येणार.

२ जून

आज कागदपत्रांचा दिवस होता. मांडणीतल्या बाहेरच्या खोलीत काय मांडायचे, ते ठरवण्यासाठी बायकांना विचारले की तुमचे नाव ज्यावर आहे असा घरातला कागद कोणता. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, बचतगटाचे पासबुक हे आले. आणि मग एका डब्यातून हक्कसोडपत्राची छायाप्रत आली. त्यानंतर आणखी एकीने आपली आणली, आणि हळूहळू लक्षात आले की ओट्यावर बसलेल्या चाळिशीपुढच्या बहुतेक बायकांनी वडिलांच्या जमिनीवरचा हक्क भावांच्या नावे सोडलेला आहे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला, १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीने बसवले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने मिळतो हे स्पष्ट केले. कायदा असा पायरीपायरीने तिच्याकडे येत असताना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती अंगठा उठवून तो परत करत होती. कागदावर सगळीकडे लिहिलेले असते की हे स्वखुशीने केले आहे आणि कोणाचेही दडपण नाही. एका बाईंच्या प्रतीवर अंगठ्याची शाई इतकी दाट आहे की रेषाच उमटलेल्या नाहीत, नुसता काळा लंबगोल आहे. बहुधा कुणीतरी बोट धरून जोरात दाबले असावे. त्या म्हणाल्या, “भाऊनं दार बंद व्हयनं ते आखाजीले मी कथा जासू?” (भावाचे दार बंद झाले तर आखाजीला मी कुठे जाऊ?) वर्षातून एकदा झोका घ्यायला आणि आईच्या घरात पाठ टेकायला मिळावी म्हणून दिलेली ही किंमत आहे. ती बाईने राजीखुशीने दिली असे कुणाला म्हणायचे असेल, तर त्याने आधी हे वाक्य ऐकावे.

त्या काळ्या लंबगोलाचा मोठा छाप कापडावर घेण्याची परवानगी त्यांनी दिली. नाव आणि गट क्रमांक झाकून तो बाहेरच्या खोलीत राहील.

१९ जून

पाऊस झाला. पेरण्या सुरू झाल्या आणि शिवण थांबली.

३ ऑगस्ट, कानबाई

श्रावणातल्या नागपंचमीनंतरचा रविवार, खान्देशातल्या कानबाई देवीचा सण. ज्या घरी थांबलो तिथे रोटांसाठी गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून घेतले गेले. चौरंगावर नारळाची कानबाई बसली, तिला नथ घातली, दागिने चढवले, आणि रात्र जागवायला सगळी गल्ली जमली.

मध्यरात्रीनंतर घरातल्या मधल्या सुनेच्या अंगात आले. एरवी सासऱ्यासमोर आवाज न काढणारी ही बाई घुमता घुमता त्यांना नावाने हाक मारून जाब विचारत होती. सासऱ्यांनी पागोटे काढून हात जोडले आणि तिने मागितले ते कबूल केले. तिने काय मागितले ते इथे लिहिणार नाही. ते देवीचे नव्हते, तिचे स्वतःचे होते, आणि तिथल्या प्रत्येकाला ते समजले होते. सकाळी ती नेहमीसारखी चुलीपुढे होती आणि रात्रीचा विषय कुणी काढला नाही. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे मला जमत नाही, आणि त्याचा गौरव करणेही जमत नाही. एका बाईला आपले म्हणणे ऐकून घेण्यासाठी देवी व्हावे लागते, ही त्या घराची स्थिती आहे. सहकाऱ्याने चित्रीकरण केले नव्हते, आणि या प्रसंगाचा कोणताही भाग मांडणीत येणार नाही.

२४ ऑगस्ट, आसोदे

बहिणाबाई चौधरींचा आज जन्मदिवस. १८८० साली त्या इथे जन्मल्या. लहानपणी लग्न होऊन जळगावात आल्या, तिशीत विधवा झाल्या, शेत आणि घर सांभाळत ओव्या रचत राहिल्या. अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता आणि त्याने काही रचना उतरवून घेतल्या होत्या, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर पुढच्याच वर्षी त्यांची कविता पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांच्याच पिढीतल्या, त्यांच्याच आळीतल्या, ज्यांचा मुलगा कवी नव्हता अशा बायकांचा विचार आज दिवसभर मनात राहिला. गोधडीचा प्रकल्प बहिणाबाईंच्या नावाने ओळखला जावा, अशी सूचना एका हितचिंतकाने केली होती. नम्रपणे नाकारली, कारण ज्यांचे म्हणणे उतरवून घेतले गेले नाही, त्यांच्यासाठीची ही जागा आहे.

१४ सप्टेंबर, पाटणादेवी आणि चाळीसगाव

पावसाने डोंगर हिरवेगार झाले आहेत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापल्याचे सांगणारा १२०७ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. त्यात घराण्याची वंशावळ आहे, आणि ती पुरुषांची आहे. लीलावती मात्र साऱ्या जगाला माहीत झाली : ११५० च्या गणितग्रंथाला तिचे नाव मिळाले, आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्याने टळल्याची आख्यायिका पुढे फारसी भाषांतराबरोबर पसरली. ग्रंथात तिला ‘बाले’, ‘मृगनयने’ असे संबोधून गणिते घातली आहेत. कमळे, हंस आणि भुंगे मोजायला सांगितले आहेत. तिने सोडवलेले एकही उत्तर तिच्या तोंडून ग्रंथात येत नाही. ही मुलगी होती की पत्नी की नुसते एक नाव, यावर अभ्यासक वाद घालतात. मला वाटते, शाळेतल्या फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या कोणत्याही मुलीला तिच्या गप्प राहण्याचा अर्थ लावता येईल.

चाळीसगावात केकी मूस यांचे कलादालन पाहिले. पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीची वाट पाहत, घराबाहेर क्वचितच पडून त्यांनी आयुष्य काढले, ही त्यांची कथा सर्वतोमुखी आहे. त्यांची छायाचित्रे खरोखरच थोर आहेत, आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंवर त्यांनी प्रकाश कसा टाकला आहे ते आमच्या छायाचित्रकाराने वहीत काढून घेतले. आम्ही काम करतो त्या गावातल्या एका बाईला नवऱ्याने टाकून पुष्कळ वर्षे झाली. ती भावाच्या घरात मागच्या खोलीत राहते आणि तिची गोधडी सर्वांत सुबक झाली आहे. तिच्या वाट पाहण्याचा उल्लेख गावात कुणी केलेला मी ऐकला नाही.

१२ ऑक्टोबर

आजची बैठक कठीण गेली. पुढच्या वर्षी मांडणी लावायला तयार झालेल्या एका शहरातील दालनाच्या व्यवस्थापनाने सुचवले आहे की गोधड्या लाइट बॉक्सवर ठेवाव्यात, म्हणजे आतल्या वस्तूंच्या सावल्या दिसतील. शक्य असल्यास एकीचा एक्स-रे काढून तो शेजारी टांगावा. त्याखेरीज बायकांचे चेहरे आणि नावे असावीत, नाहीतर प्रेक्षकांना नाते जोडता येणार नाही, असेही त्यांचे म्हणणे आहे.

नावांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मी मान्य करते. अमेरिकेत ज्युडी शिकागो यांनी १९७४ ते १९७९ या काळात पुष्कळ साहाय्यकांसह उभारलेल्या त्रिकोणी भोजनमेजावर ३९ स्त्रियांची ताटे मांडली आहेत आणि खालच्या फरशीवर आणखी ९९९ नावे लिहिली आहेत. इतिहासाने पुसलेले नाव पुन्हा लिहिणे हीच तिथे कृती आहे. आपल्याकडे नीलिमा शेख यांनी १९८४ मध्ये हुंड्यापायी संपवल्या गेलेल्या एका मुलीची कथा बारा लहान चित्रांत सांगितली, आणि तिला चंपा हे नाव दिले. पण ज्यांची नावे तिथे आहेत त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीत पाणी भरायला जायचे नाही. आमच्या बायकांना जायचे आहे.

तरीही निर्णय माझा नव्हता, म्हणून सगळा प्रस्ताव ओट्यावर जसाच्या तसा सांगितला. सावल्या म्हणजे काय दिसेल, हे विजेरी आणि पदर घेऊन दाखवले. काही तरुण सुना आधी गप्प राहिल्या. जिजी म्हणाल्या, “आतमा काय शे ते मन्हं शे. तुम्ही वरलं देखा.” मग मागच्या खोलीत राहणाऱ्या त्या बाई, ज्या बैठकीत सहसा बोलत नाहीत, म्हणाल्या की उसवून पाहणार असाल तर मी माझी आत्ताच घरी नेते. दालनाला नकार कळवला. ते हे काम आता घेणार नाहीत, असे दिसते.

२६ ऑक्टोबर

भाऊबीज झाली, कापसाची वेचणी जोरात आहे. उरलेले रोज चुकते केले. अकरा गोधड्या पूर्ण आहेत.

३० नोव्हेंबर

गावातले एक रिकामे धाब्याचे घर मांडणीसाठी मिळाले. टांगण्यासाठी लोखंडी सांगाडा न घेता बांबू वापरायचे ठरले. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातूनच सगळी सजावट केली होती. खेड्यात कला आणायची तर खेड्याच्या हाताला ओळखीच्या वस्तूंनी आणावी, ही शिकवण खान्देशाच्या मातीतच आहे.

ओसरीत बाहेरची खोली आहे : १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा, १८९१ मध्ये दहावरून बारावर नेलेले संमतिवय, लहानपणी लागलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंना १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा किंवा तुरुंगात जा असे सांगणारा निवाडा, १९२९ चा बालविवाह प्रतिबंधाचा कायदा, आणि शेवटी तो अंगठा. हे सगळे मोठ्या अक्षरांत आणि मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय ठेवून. माजघरात फक्त गोधड्या, खाली अंथरलेल्या आणि काही टांगलेल्या, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. हात लावायला परवानगी आहे. जिजींच्या गोधडीवर तळहात फिरवला की टाके एका लयीत लागत जातात आणि उजव्या खालच्या कोपऱ्याशी अचानक इतके दाट होतात की कापड पुठ्ठ्यासारखे ताठ लागते. तिथून पुढे ते पुन्हा सैल होतात. याची कोणतीही पाटी लावलेली नाही.

१४ डिसेंबर, गावातली मांडणी

पहिले दोन दिवस फक्त बायकांसाठी ठेवले होते. शेजारच्या गावांतून ट्रॅक्टरमध्ये बसून आल्या. ओसरीत कायदे वाचून दाखवायला दहावीतल्या मुली उभ्या होत्या आणि वाचता वाचता त्या स्वतःच अडखळत होत्या. संमतिवय दहा असल्याचे वाचून एकीने मला विचारले की म्हणजे पाचवीतल्या मुलीचे का. माजघरात कुजबुज होती, हसणे होते, एक म्हातारी चक्क एका गोधडीवर आडवी झाली आणि तिला कुणी उठवले नाही.

तिसऱ्या दिवशी पुरुष आले. एक जिभाऊ आपल्या बायकोच्या गोधडीपुढे बसले, त्यांनी ती हातात घेऊन तोलून पाहिली आणि आत काय घातले आहे असे तिला सर्वांदेखत विचारले. तिने सांगितले की जुने कपडे आहेत. ते खरेही असेल.

११ जानेवारी २०२६, जळगाव

एका महाविद्यालयाच्या सभागृहात आठवडाभर मांडणी राहिली. गोधड्या देताना केलेल्या करारात बायकांनी दोन कलमे स्वतः सांगून लिहून घेतली : शिवण उसवू नये किंवा आतले दिसेल असे कोणतेही यंत्र वापरू नये, आणि गोधडी कुणालाही विकू नये. त्यावर सह्या व अंगठे आहेत, आणि या वेळी अंगठ्याच्या रेषा स्वच्छ उमटल्या आहेत, कारण त्या उमटवताना बोट कुणी धरलेले नव्हते.

पाहायला आलेल्यांमध्ये कलेविषयी बोलणारे होते, पण ओसरीच्या भागात सर्वांत जास्त वेळ थांबल्या त्या पन्नाशीपुढच्या बायका, आणि त्यांचे प्रश्न हक्कसोडीविषयी होते : नोंदणी झाल्यावर काही करता येते का, दडपणाखाली केले असेल तर काय, सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे काय न्यावे. आम्हाला त्याची उत्तरे देण्याचा अधिकार नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, ही माहिती मोठ्या अक्षरांत लिहून तिसऱ्या दिवशी लावली, आणि एका वकीलबाईंना विनंती केल्यावर त्या शेवटचे दोन दिवस दुपारी येऊन बसल्या.

यानंतर धुळ्याला होणाऱ्या मांडणीत वकीलबाईंची ही खुर्ची पहिल्या दिवसापासून असेल. ती माजघरात ठेवायची नाही, ओसरीतच ठेवायची, आणि शेजारी बसायला चटई व पाण्याचा माठ ठेवायचा, असे जिजींनी सांगितले आहे. थंडी असल्यामुळे सात गोधड्या तोवर त्या त्या घरी वापरात गेल्या आहेत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गोळा करायच्या आहेत.